शेव्हर साफ कसा करायचा, हे मराठीत कोण सांगणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी सांगलीत खणभागात शिलाईकाम करते. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश. गेली बावीस वर्षं मशीनवर बसते आहे. हे पत्र मात्र दाढीच्या मशीनबद्दल आहे. आमच्या घरातल्या एका माणसाच्या जिवाशी त्या मशीनचा संबंध आहे, आणि ती साफ कशी करायची हे आम्हाला कुणी धड सांगितलं नाही.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, आता ७२ वर्षांचे आहेत. सात वर्षांपूर्वी मिरजेत त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज संध्याकाळी आणि ठरलेल्या तारखेला रक्ताची तपासणी. घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर लिहूनच दिलं होतं: वस्तरा, ब्लेड बंद, दाढी इलेक्ट्रिक शेव्हरनेच करायची. मामांना ते पटलं नाही. पन्नास वर्षांची सवय. पंधरा दिवसांनी त्यांनी न सांगता ब्लेड लावलं आणि हनुवटीखाली जोंधळ्याच्या दाण्याएवढं कापून घेतलं. तुरटी फिरवली, कापूस दाबून धरला, तरी तास-सव्वा तास रक्त थांबेना. बनियन गळ्यापासून पोटापर्यंत भिजलं. त्या दिवसापासून शेव्हर आमच्याकडे गोळ्यांच्या डब्याशेजारी असतो.

पहिला शेव्हर तीन गोल चकत्यांचा होता. दीड वर्ष छान चालला, मग केस ओढायला लागला. मामा म्हणायचे, "सूनबाई, ही दाढी करतीया का केसं उपटतीया?" एकाच जागेवरून पाच-पाच वेळा फिरवायचे, गाल लालभडक व्हायचे. दुकानात नेला. तिथल्या मुलानं तो कानाशी धरला, बटण दाबलं आणि म्हणाला, "मोटर गेली ताई, नवीन घ्या." उघडूनसुद्धा बघितलं नाही. आम्ही नवीन घेतला, २,६०० रुपयांना. म्हणजे माझ्या हिशेबानं अस्तराचे दहा ब्लाऊज.

चौदा महिन्यांत दुसऱ्याचंही तेच झालं. या वेळी मात्र मी दुकानात गेले नाही. दुपारचं काम आटोपल्यावर पेपर पसरला आणि शेव्हर उघडून बसले. वरचं झाकण निघालं तसं आत राखाडी पीठ दिसलं. बारीक केस, कातडीचा कोंडा, चेहऱ्याचं तेल, सगळं खलबत्त्यात कुटल्यासारखं एकजीव झालेलं. चकतीच्या खालच्या खळग्यात त्याचा थर इतका घट्ट बसला होता की टाचणीनं टोकरल्यावर त्याची वडीच सुटून आली. कुबट वास. मोटर ठणठणीत होती, ती इतके दिवस त्या गाळातून पाती ओढत होती. आधीच्या मोटरलाही काही झालं नसणार, याची मला आज खात्री आहे. तो शेव्हर आम्ही भंगारात घालून बसलो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, टाका सुटायला लागला तर लगेच स्क्रू पिळत बसू नका, आधी बॉबिन केस काढून शटलमधला लगदा साफ करा, तेलाचा थेंब सोडा. नव्वद टक्के मशीन तेवढ्यावर सुधारते. जी गोष्ट मी रोज सकाळी माझ्या मशीनसाठी करते, तीच दाढीच्या मशीनला लागते हे कळायला मला तीन वर्षं आणि एक शेव्हर लागला.

तरी माझ्या हातून चुका झाल्याच. पहिल्याच वेळी मी तिन्ही चकत्या आणि त्यांची तिन्ही पाती एका वाटीत टाकून धुतली आणि हाताला येतील तशी बसवली. दुसऱ्या दिवशी मामा कळवळले. माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिनं समजावून सांगितलं. वरची खाचांची चकती आणि खालचं फिरणारं पातं एकमेकांवर घासून घासून जुळलेलं असतं, त्या जोड्या मोडायच्या नसतात. हे मला एका वाक्यात कळलं, कारण एका कात्रीचं पातं दुसऱ्या कात्रीला लावलं की ती कापड कापत नाही, चावते. आता मी बाटलीची तीन झाकणं मांडते, एका झाकणात एक जोडी.

खोबरेल तेलाची चूक मामांची. पातं कोरडं वाजतंय म्हणून त्यांनी खोबरेल सोडलं. उन्हाळ्यात खपून गेलं. डिसेंबरच्या थंडीत ते आतल्या आत थिजलं आणि सगळे केस त्यात मेणासारखे चिकटून बसले. शेव्हरला शिलाई मशीनचं पातळ तेल लागतं, तेही महिन्यातून एकदा, प्रत्येक चकतीवर एकच थेंब. मग दहा सेकंद चालू करायचा आणि वर आलेलं पुसून घ्यायचं. रॉकेल मात्र लावू नये. शिलाई मशीन रॉकेलनं धुतात म्हणून माझाही हात तिकडे गेला होता, पण शेव्हरच्या प्लॅस्टिकला आणि रबराला ते मारक आहे.

पाण्याचं आधी बघून घ्यावं. धुता येणाऱ्या शेव्हरवर नळाचं बारीक चित्र असतं. ते नसेल तर फक्त झटकायचा आणि ब्रशनं साफ करायचा, पाण्याखाली धरायचा नाही. चित्र असलं तरी चार्जिंगची वायर आधी काढायची. मी कोमट पाण्यात हात धुवायच्या लिक्विड साबणाचा एक थेंब टाकते, शेव्हर अर्धा मिनिट चालू ठेवते, मग उघडून वाहत्या पाण्याखाली धरते. टॉवेलनं पुसत नाही, त्यानं पात्याची धार दुखावते. झटकून, उघडाच ठेवते, पूर्ण वाळल्यावर मिटते. ओला मिटला की दोन दिवसांत वास येतो. महापालिकेचं पाणी येत नाही तेव्हा आमच्या गल्लीत बोअरचं वापरतात, ते जड आहे. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तोच पात्यावर बसतो. म्हणून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा.

शेजारच्या काकांचा शेव्हर जाळीचा आहे, त्याची तऱ्हा वेगळी. त्याची वरची जाळी कागदासारखी पातळ असते. तिला ब्रश लावायचा नाही, अंगठ्यानं दाबायचं नाही. ब्रश फिरवायचा तो फक्त खालच्या पात्यांच्या ठोकळ्यावर. काकांनी जुन्या टूथब्रशनं जाळी घासली, तिला एका कडेला चीर पडली आणि गालावर तीन ओरखडे उठले. काकांचं निभावलं. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या माणसाच्या गालावर ती जाळी फिरली असती तर काय झालं असतं, हे मी त्या भिजलेल्या बनियनवरून सांगू शकते. चीर दिसली की त्याच दिवशी जाळी बदलायची, उद्यावर टाकायची नाही.

आणखी एक गोष्ट हात जोडून सांगते. बाप-लेक, भाऊ-भाऊ एकच शेव्हर वापरतात. कितीही धुतला तरी तो एकाच माणसाचा असावा. हिपॅटायटिस बी आणि सी हे आजार रक्तातून पसरतात आणि त्याला डोळ्याला न दिसणारा ओरखडासुद्धा पुरतो.

आता माझी तक्रार. यातलं जवळजवळ सगळं खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं होतं. चौदा भाषांत होतं. मी मोजल्या. मराठी नव्हती. अक्षर इतकं बारीक की मामांना भिंगातूनही लागेना, आणि लागलं असतं तरी ते इंग्रजी. अमेरिकेत जेकब शिक यांनी पहिला विजेचा शेव्हर १९३१ मध्ये विकायला आणला. नव्वदच्या वर वर्षं झाली, तरी माझ्या घरातल्या शेव्हरचा कागद मला वाचता येत नाही. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत वेष्टनावरची सक्तीची माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत असली की पुरते. सोबत दुसरी भाषा घालायला मात्र कुठेही मनाई नाही. मग का घालत नाहीत? शेव्हर महाराष्ट्रात खपतात तेव्हा पैसे मराठी माणसाचेच असतात.

दुसरी तक्रार सुट्या भागांची. पाती झिजतात, वर्ष-दोन वर्षांनी चकत्यांचा संच बदलावा लागतो, हे मान्य. पण तो संच मी हरभट रोडपासून विश्रामबागपर्यंत विचारला. एका ठिकाणी उत्तर मिळालं, "तेवढ्यात थोडे पैसे घालून नवाच घ्या की." दुसऱ्या ठिकाणी १,४५० रुपये आगाऊ भरून घेतले आणि पंधरा दिवसांत येईल म्हणाले. आज दीड महिना झाला. केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, म्हणजे कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती द्यायची वेबसाइट. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या आहेत. मुलीला बसवून मी ते बघितलं. आमच्या शेव्हरच्या कंपनीचं नाव मला त्यात सापडलं नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मी आता तक्रार नोंदवली आहे.

दिवाळीत भाऊबीजेला भावाला शेव्हर देणाऱ्या बहिणी पुष्कळ आहेत. त्यांनी घेतानाच दुकानदाराला विचारावं की याची पाती सांगलीत मिळतात का, आणि नाही म्हणाला तर दुसरा बघावा. दुकानदारांनीही निदान चार खपाऊ मॉडेलचे संच ठेवावेत. आणि आपल्या वृत्तपत्रानं घरगुती सदरात ही माहिती मोठ्या अक्षरात एकदा छापावी, ही विनंती. ज्या घरांत अशी गोळी घेणारं माणूस आहे, तिथं ते कात्रण आरशाशेजारी चिकटवलं जाईल.

मामांच्या चकत्या अजून आलेल्या नाहीत. तोवर दर बुधवारी आणि रविवारी, त्यांनी दाढीला बसायच्या आधी, मी तिन्ही जोड्या खिडकीपाशी उजेडात धरते आणि सुईत दोरा ओवायच्या भिंगातून एकेक खाच बघते, कुठे दात मोडलेला नाही ना.

आपली,
एक शिलाईकाम करणारी वाचक,
खणभाग, सांगली