अधांतरी थेंब

ब्रिस्टल,
९ फेब्रुवारी

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शिरोड्याच्या मिठागरात आता हंगाम सुरू झाला असेल. ‘अख्खं आभाळ सोडून तू एकाच कणाला काय धरून बसलायस?’ हा तुझा प्रश्न चार दिवस मनात घोळतोय. उत्तर मिठातच आहे, म्हणून तुलाच ते नीट सांगावंसं वाटतं.

काकूंची मिठाची बरणी आठव. आषाढात तिला पाणी सुटायचं. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की शुद्ध मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. आपलं समुद्राचं मीठ त्याच्याही आधी पाझरतं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार राहिलेले असतात ना!

इथे मी केसाहून बारीक असा एक खारट थेंब विजेचा भार देऊन अधांतरी तोलतो. १९०९ च्या सुमारास शिकागोत मिलिकनने तेलाचे थेंब असेच तोलले होते, बारावीला आपण शिकलो होतो बघ. थेंबावर लेझर सोडला की विखुरलेल्या प्रकाशाचे रेखीव पट्टे दिसतात आणि त्यांवरून त्याचा आकार कळतो. मग हवा हळूहळू कोरडी करायची. ७५, ७०, ६०... थेंब आपला थेंबच! मिठागरात एव्हाना मीठ धरलं असतं, कारण तिथे तळ असतो, बांध असतो, माती असते. स्फटिकाला सुरुवात करायला काहीतरी आधार मिळतो. माझ्या थेंबाला कशाचाच स्पर्श नाही. ४५ च्या आसपास मात्र पट्टे क्षणात विस्कटतात. मीठ धरलेलं असतं. आता हवा पुन्हा दमट करत नेली, तरी ७५ येईपर्यंत तो खडा विरघळत नाही. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला कुणाला तरी हाक मारून दाखवावंसं वाटत होतं.

यातली गोम लक्षात आली का? आर्द्रता ६० असेल, तर हवेतला मिठाचा कण ओला की कोरडा हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. दमट समुद्रावरून आला असेल तर तो अजून थेंब असेल, वाटेत कोरड्या हवेतून गेला असेल तर खडा. ओला कण फुगलेला असतो, ऊन जास्त विखुरतो. असे लाखो कण एकत्र मोजले की सरासरी हाती येते, आणि त्या सरासरीसारखा कण हवेत एकही नसतो. कण कोणत्या वाटेने आला हे कळायचं, तर त्या एकट्यापाशीच बसावं लागतं. मला हे काम त्यासाठीच आवडतं, बाळू. ढगातला प्रत्येक थेंबसुद्धा अशाच कुठल्यातरी कणाभोवती धरतो.

एक काम कर. मार्चमध्ये सुमन इकडे येणार आहे. तिच्याबरोबर तुमच्या आगरातल्या मिठाची एक पुडी पाठव, न धुतलेल्या मिठाची. शुद्ध मिठाचे प्रयोग झाले. आपलं मीठ ४५ ला काय करतं ते बघायचंय.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनू