सिंहगड एक्स्प्रेसमधल्या काकांना, एका मंगळवारच्या हिशेबाबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहावं लागतंय. ओळख पटावी म्हणून खुणा सांगते. डिसेंबर २०२४ मधला एक शुक्रवार, मुंबईहून पुण्याला येणारी संध्याकाळची सिंहगड. तुम्ही माझ्या समोरच्या खिडकीशी बसला होतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होतात, मूळ गाव मराठवाड्यात, उतरलात शिवाजीनगरला. कर्जतला गाडीला मागून इंजिन लागेपर्यंत तुम्ही वडे घेतलेत आणि माझ्या वड्याचे पैसे मला देऊ दिले नाहीत. ते देणं अजून बाकी आहे, पण पत्र त्याबद्दल नाही.

कल्याण सुटल्यापासून मी फोनवर दादाशी भांडत होते. अख्ख्या डब्यानं ते ऐकलं असणार. फक्त तुम्ही कान दिलात.

विषय आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचा होता, म्हणजे जन्मापासूनची हजारावी पौर्णिमा नेमकी कधी, याचा. शाळेच्या दाखल्यावर आईचा जन्म १ जून १९४४. आता १ जून म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. मास्तरांनी नाव घालताना टाकलेली तारीख. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. म्हणून मी गिरगावात मामाकडे जाऊन जुनी ट्रंक उपसली होती. हाती दोन गोष्टी लागल्या. एक सूतिकागृहाची चिठ्ठी: आजीचं नाव, 'मुलगी', पहाटे ५-४० आणि तारीख. दुसरी आजोबांची खर्चाची वही. तिच्यातल्या त्या पानाचा वरचा कोपरा उंदरांनी खाल्लेला, त्यामुळे तिथी गेलेली. शके १८६६ शिल्लक होतं आणि त्याखाली एक ओळ: 'मंगळवारी चार घटका रात्र राहता कन्यारत्न. बाळबाळंतीण सुखरूप.'

घोळ चिठ्ठीनं केला. इंग्रजी आकड्यांत लिहिलेली २६ तारीख स्वच्छ होती, १९४४ स्वच्छ होतं, पण महिन्याचा आकडा चार की नऊ, ते शाईच्या डागात अडकलं होतं. मला तो चार दिसत होता. दादाला मी फोटो पाठवला, त्याला नऊ दिसला. त्यानं लगेच मोबाईलमध्ये वार पाहिले. २६ एप्रिल १९४४ बुधवार, २६ सप्टेंबर १९४४ मंगळवार. आजोबांनी लिहिलंय मंगळवार, म्हणजे सप्टेंबर, विषय संपला. मी म्हटलं, आजी आईला नेहमी सांगायची की मुंबईच्या गोदीत स्फोट झाला तेव्हा तू पोटात होतीस. दादा म्हणाला, सप्टेंबरचा जन्म असला तरी ती एप्रिलमध्ये पोटातच असणार ना! यावर मला काही सुचेना. तेवढ्यात नेटवर्क गेलं.

तुम्ही विचारलंत, "ताई, वार बरोबर आहे का ते बघायचं का आधी?"

मोबाईलनं सांगितलेला वार तपासायचा असतो, हे मला नवीनच होतं. तुम्ही म्हणालात, एसटीत तीस वर्षं ड्यूटीचे तक्ते लावले, कुणाची साप्ताहिक सुट्टी कुठल्या तारखेला येते ते तोंडपाठ ठेवावं लागायचं, हिशेबाचा ताळा घेतल्याशिवाय करमत नाही. मग तुम्ही एक पक्का खुंटा ठोकलात: १५ ऑगस्ट १९४७, शुक्रवार. साध्या वर्षात बावन्न आठवडे आणि वर एक दिवस, म्हणून वर्ष मागे गेलं की वार एकानं मागे. तीन वर्षं मागे जायचं, मध्ये २९ फेब्रुवारी कुठेच येत नाही, कारण १९४४ चा फेब्रुवारी ऑगस्टच्या आधीच होऊन गेलेला. शुक्रवारातून तीन गेले, १५ ऑगस्ट १९४४ मंगळवार. तिथून एप्रिलकडे येताना तुम्ही मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजलेत: एप्रिलचे उरलेले चार, मे एकतीस, जून तीस, जुलै एकतीस, ऑगस्टचे पंधरा. एकशे अकरा. सातानं भागून बाकी सहा. मंगळवारातून सहा मागे, बुधवार. सप्टेंबर तर आणखी सोपा निघाला. ऑगस्टचे सोळा आणि सव्वीस मिळून बेचाळीस, म्हणजे बरोबर सहा आठवडे, वार तोच, मंगळवार. आणि जाता जाता गोदीतला स्फोटही तुम्ही लावून दाखवलात: १४ एप्रिल, बुधवारातून बारा मागे, शुक्रवार.

म्हणजे दादाचा मोबाईल बरोबर होता. मी हिरमुसले, आणि ते तुम्ही पाहिलंत.

नंतर तुम्ही जो प्रश्न विचारलात त्यासाठी हे पत्र आहे. "वार बरोबर आहेत. पण आजोबांचा मंगळवार संपतो कधी?"

गाडी घाटातल्या बोगद्यांतून जात होती, डब्यातले दिवे मिणमिणत होते आणि मी वेड्यासारखी म्हटलं, "रात्री बाराला." तुम्ही हसलात. बाराचा दिवस साहेबाचा, आजोबांचा दिवस सूर्याचा. सूर्य उगवला की वार बदलतो. मंगळवारी चार घटका रात्र राहिली होती, म्हणजे मंगळवारची रात्र सरत आली होती आणि बुधवारचा सूर्य उगवायला चार घटका बाकी होत्या. घटका चोवीस मिनिटांची, म्हणून शहाण्णव मिनिटं. त्या वेळी सूतिकागृहाच्या भिंतीवरचं कॅलेंडर बुधवारच दाखवत असणार. आजोबांचा मंगळवार आणि चिठ्ठीतला २६ एप्रिल, बुधवार हे एकाच पहाटेचे दोन वार. उलट सप्टेंबर धरला तर त्या मंगळवारच्या पहाटेला आजोबांनी सोमवार लिहिला असता.

आपण रोज असंच बोलतो, आणि तरीही मला ते सुचलं नव्हतं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, गुरुवारी पहाटे चारच्या सुमाराचा. पण तुमच्याच तोंडून ऐकलं, की तुमच्याकडे सगळे म्हणतात, 'विसर्जनाच्या रात्री' झाला. विसर्जन बुधवारी होतं.

माझा दुसरा अडथळा मी तेव्हाच पुढे केला होता. एप्रिलअखेर मुंबईत सूर्य साधारण सव्वासहाला उगवतो. त्यातून शहाण्णव मिनिटं वजा केली तर चार वाजून एकोणचाळीस येतात, आणि चिठ्ठीवर तर ५-४०. एक तासाची तफावत. तुम्ही क्षणभर गप्प बसलात आणि म्हणालात, "वडील सांगायचे, लढाईत सरकारनं घड्याळं तासभर पुढे केली होती. ते बघा." मी घरी आल्यावर पाहिलं. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातली घड्याळं खरंच एक तास पुढे होती. त्या घड्याळात सूर्योदय सव्वासातला, त्यातून शहाण्णव मिनिटं गेली की ५-३९. आजोबा आकाशाकडे पाहून लिहीत होते आणि परिचारिका भिंतीकडे पाहून. एका मिनिटाचा फरक राहिला, तो मी दोघांनाही माफ केला.

दादाला मी हे सगळं रात्री साडेदहाला ऐकवलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "त्या काकांचा नंबर घेतलास का?" नव्हता घेतला.

उतरता उतरता तुम्ही मला अभ्यास दिला होतात: "घरी जाऊन ६ जून १६७४ चा वार काढा. राज्याभिषेकाचा." मी जोरात होते. चारशे वर्षांत १,४६,०९७ दिवस, त्यांना सातानं भागलं की बाकी शून्य, म्हणून १६७४ चे वार २०७४ सारखेच, एवढं एव्हाना मला समजलं होतं. उत्तर आलं बुधवार. पण ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, हा दिवस शनिवारचा म्हणून सगळीकडे नोंदलेला. तीनदा मोजलं, तीनदा बुधवार. मग लक्षात आलं की ६ जून ही तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या कॅलेंडरातली आहे. पोप ग्रेगरींनी १५८२ मध्ये दहा दिवस गाळले. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. तारखा उडाल्या, वारांची माळ मात्र तुटली नाही. इंग्रजांनी ते थेट १७५२ मध्ये मान्य केलं. तेव्हा आजच्या पद्धतीनं राज्याभिषेक १६ जूनला, आणि बुधवारात दहा मिळवले की शनिवार. मी खूश.

तुमचा खरा डाव त्यापुढे होता, हे मला आठवडाभरानं कळलं. जेधे शकावलीत, म्हणजे शिवकाळातल्या घटनांच्या जुन्या तिथीवार नोंदीत, तोच प्रसंग शुक्रवारचा म्हणून लिहिलाय! तीन घटका रात्र उरली असता राजे सिंहासनी बसले. बहात्तर मिनिटांनी शनिवारचा सूर्य उगवणार होता. आईच्या जन्माचीच गोष्ट, सिंहासनाच्या थाटात. त्या रात्री मी जेधे शकावली मिटली आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले.

त्यानंतर मला या गोष्टीचा नाद लागला, त्याचं पापही तुमच्याच माथी. तुम्ही सांगितलेली ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर, १२ डिसेंबर ही साखळी, ज्यात कुठल्याही वर्षी वार एकच येतो कारण प्रत्येक दोघांत बरोबर त्रेसष्ट दिवस, ती तुम्ही तक्ते लावता लावता शोधलीत म्हणालात. जॉन कॉनवे नावाच्या इंग्रज गणितज्ञाची पद्धत नेमकी हीच आहे. त्यानं त्या वाराला 'डूम्सडे' असं भयंकर नाव ठेवलं. तुमच्याकडे विषम महिन्यांची सोय नव्हती, ती त्याच्याकडून घ्या: ९ मे आणि ५ सप्टेंबर, ११ जुलै आणि ७ नोव्हेंबर, तोच वार. आणि ताळ्याचं म्हणाल तर ही सवय फार जुनी. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघव या शके १४४२ च्या पंचांगगणिताच्या ग्रंथात अकरा वर्षांच्या चक्राचे ४०१६ दिवस धरून दिवसांची मोजणी चालते, आणि शेवटी वार जुळवून बघतात. जुळला नाही तर एक दिवस कमी-जास्त करायचा. तिथीची चूक वाराकडून पकडून घ्यायची. एसटीच्या तक्त्यात तुम्ही वेगळं काय करत होतात?

हजार पौर्णिमा आम्ही पुन्हा मोजल्या. सप्टेंबरचा जन्म असता तर हजारावी गुरुपौर्णिमेला, १० जुलै २०२५ ला आली असती. दाखल्यावरचा १ जून धरला तर होळीच्या पौर्णिमेला. २६ एप्रिल धरल्यावर आईच्या जन्मानंतरची पहिली पौर्णिमा १९४४ च्या मे महिन्यातली, आणि हजारावी माघ पौर्णिमा, १२ फेब्रुवारी २०२५. वार बुधवार. आईला गच्चीवर खुर्ची टाकून दिली, ओवाळलं. दादा सारखा चंद्राकडे नाही, घड्याळाकडे बघत होता. आई एवढंच म्हणाली, "म्हणजे मी अंगारकीवाली नाही तरी मंगळवारची, हे खरं ना?" तिला आयुष्यभर मंगळवारचा उपवास. त्याला बुधवारची सूतिकागृहाची चिठ्ठी आड येईल की काय, एवढीच तिची काळजी होती.

आता तुमचं. बोलता बोलता तुम्ही म्हणालात, "माझीही कागदावर १ जून १९५१. आई सांगायची, पोळ्याचा, शनिवारचा. साल कुणाला माहीत?" मी ते विसरले नाही. श्रावण अमावास्या १९४८ पासून १९५३ पर्यंत लावून पाहिल्या. ४८ ला पोळा शुक्रवारी, ५२ ला बुधवारी, ५३ ला मंगळवारी; ४९ आणि ५० ला तर शनिवारच्या आसपासही नाही. शनिवारचा पोळा एकच सापडतो: १ सप्टेंबर १९५१. म्हणजे साल मास्तरांनी बरोबर लिहिलं आणि महामंडळानं तुम्हाला तीन महिने आधी घरी पाठवलं.

फक्त एक कळवा. जन्म दिवसाउजेडी झाला की पहाटे? पहाटेचा असेल तर १ खोडून २ सप्टेंबर लिहा, रविवार.

आपली,
समोरच्या बाकावरची ताई