लिंडिसफार्नहून आल्यावर

न्यूकॅसल,
रविवार, रात्री

प्रिय दिनू,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. ‘माझी मराठी शाळेतल्या पोरांना परकी, त्यांची पावरी बोली मला. बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय.’ एवढंच डोक्यात घोळत होतं आणि उत्तर काही सुचत नव्हतं. काल लिंडिसफार्नला गेलो होतो. तिथलं सांगतो.

हे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळचं भरती-ओहोटीचं बेट. दिवसातून दोनदा वाट पाण्याखाली जाते. ओहोटीला वाळूत रोवलेल्या खांबांच्या कडेने मी अनवाणी चालत गेलो. दक्षिणेला बँबराचा किल्ला दिसतो. सातव्या शतकात तिथे नॉर्थम्ब्रिया या उत्तरेकडच्या इंग्रज राज्याचा राजा ऑस्वाल्ड होता. वडील मारले गेल्यावर तो आयरिश लोकांत वाढला, तिथेच ख्रिस्ती झाला, त्यांची भाषा शिकला. राज्य मिळाल्यावर त्याने स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या आयरिश साधूंच्या मठाकडे धर्मोपदेशक मागितला.

पहिला आला तो फार कडक. लोक ऐकेनात. परत जाऊन त्याने मठाच्या सभेत सांगितलं, ही माणसं हट्टी आणि रानटी आहेत, यांना शिकवणं होणार नाही. तेव्हा एडन नावाचा साधू बोलला, की तू त्या अडाणी माणसांशी गरजेपेक्षा कठोर वागलास, आधी दुधासारखी सोपी शिकवण द्यायला हवी होती. सगळे त्याच्याकडे बघत राहिले आणि ६३५ साली त्यालाच बिशप करून पाठवलं.

भाषेची धास्ती त्याआधी रोमहून पोपने पाठवलेल्या धर्मोपदेशकांनाही होती. इंग्लंडच्या आग्नेयेला केंटमध्ये ५९७ साली पोचलेला ऑगस्टीन त्यांचा म्होरक्या. त्याचे सोबती वाटेतच घाबरले होते. ज्यांची बोली कळत नाही अशांत कशाला जायचं, म्हणून त्यांनी त्याला रोमला परत धाडलं. पोप ग्रेगरी मागे हटला नाही. शेवटी त्यांनी वाटेतल्या फ्रँक लोकांतले (आजच्या फ्रान्सकडचे) दुभाषे बरोबर घेतले.

एडनलाही इंग्रजांची भाषा नीट येत नव्हती. तो उपदेश करायचा आणि राजा स्वतः आपल्या सरदारांना अर्थ सांगायचा! ईस्टरच्या तारखेवरून एडनशी मतभेद असलेल्या बीड या इतिहासकार साधूनेही ७३१ साली हे दृश्य सुंदर म्हणून नोंदवलंय. किल्ल्याकडे बघताना मी तेच डोळ्यांपुढे आणत होतो.

एडन पायीच फिरायचा, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचा. ऑस्वाल्डनंतर दक्षिण भागातल्या ऑस्विन राजाने त्याला उंची घोडा दिला, तो त्याने भिकाऱ्याला देऊन टाकला. राजा रागावला. एडन म्हणाला, ‘घोडीचं पिल्लू तुला देवाच्या लेकरापेक्षा लाडकं का?’ शिकारीहून आलेला राजा शेकोटीपाशी जरा उभा राहिला, मग तलवार सोडून एडनच्या पायाशी बसला. एडनला रडू आलं. सोबतच्याला तो आयरिशमध्ये म्हणाला, इतका नम्र राजा फार दिवस जगणार नाही. राजाला ती भाषा येत नव्हती. ६५१ मध्ये ऑस्विनचा खून झाला आणि बाराव्या दिवशी एडन गेला, बँबराला, चर्चच्या भिंतीला टेकून.

दिनू, तुझ्या वर्गात दोन्ही भाषा येणारी एखादी मुलगी असेलच. तिला शेजारी उभी कर, तू सांग, तिला पावरीत सांगू दे. अर्ज दिवाळीपर्यंत ट्रंकेतच ठेव. पोरं तिच्या तोंडून ऐकताना कशी बघतात, ते मला लगेच कळव.

तुझा,
शशी