झोर्कीचा पॅच वर सरकलाय

जालना, १२ फेब्रुवारी

प्रिय सुध्या,

फोनवर सांगितलं असतं तर "असू दे रे, छिद्र बारीक करून एफ ८ ला चालून जातं" म्हणून तू विषयच संपवला असतास. म्हणून लिहायलोय. झोर्की, माझा रशियन कॅमेरा, त्याच्या खिडकीतला अंतर जुळवायचा पॅच सरकलाय; त्यातलं चित्र बाहेरच्यावर बसलं की फोकस झाला, तो. आडवा नाही, उभा. मोंढ्यासमोरच्या विजेच्या खांबावर धरला की खांबाची उभी कड बरोबर जुळते, पण वरची आडवी पट्टी दोनदा दिसते. पॅचमधली वर, बाहेरची खाली. दुसऱ्या कुणाला सांगावं तर तो म्हणणार, फोटो तर येतोय ना! हे दुखणं तुलाच कळेल.

घरी सगळं ठीक. आईच्या डोळ्याचं झालं, थेंब चालू आहेत. तात्या अजून सकाळी तळ्यापर्यंत जाऊन येतात.

तर पॅच. उभ्या फरकानं अंतर चुकत नाही, हे मलाही ठाऊक आहे. अंतर मोजलं जातं ते आडव्या सरकण्यातून. पण खांब, दार, खिडकी समोर असेल तोवर ठीक, माणसाच्या चेहऱ्यावर सरळ रेघ कुठंय? भुवई, मिशी, टोपीची कड, सगळं तिरकं. उभा फरक असला की तिरक्या रेघा खोट्या जागी जुळल्यासारख्या दिसतात आणि आपण बटण दाबून मोकळे होतो. त्यात झोर्की ४ चा बेस, म्हणजे अंतर मोजणाऱ्या दोन खिडक्यांमधलं अंतर, ३८ मिलिमीटरचा. फेड २ कॅमेऱ्याचा ६७ आहे, तिथं थोडी चूक डोळा पचवतो. इथं तेवढी सूट नाही.

तुझं एफ ८ चं पालुपद मान्य. ५० मिमीची लेन्स, एफ ८, ३ मीटरवर ठेवली तर साधारण २.३ पासून ४.२ मीटरपर्यंत सगळं चालतं. पण मोंढ्यात टिनपत्र्याखाली कुठला एफ ८? बाहेर ऊन डोळ्यात टोचतं आणि आत हमालाच्या पाठीवरच्या पोत्याची शिवण तेवढी दिसते. ४०० चा रोल, साठावा भाग सेकंद, एफ २.८, कधी एफ २. एफ २ ला ३ मीटरवर हातात उरतात जेमतेम ४० सेंटीमीटर. पोतं स्पष्ट आणि चेहरा गेला, हे तिथंच होतं. आणि आपल्याला चेहराच पाहिजे असतो.

पुढच्या महिन्यात नाथषष्ठी आहे, तू येणार म्हणालास. पैठणला दुपारी गोदावरीच्या वाळवंटात पॅचची गरजच नाही. ४०० चा रोल, भर ऊन, पाचशेवा भाग, एफ १६, लेन्स ५ मीटरवर ठेवून सोडून द्यायची. अडीच मीटरच्या पुढं जवळपास सगळं पकडीत येतं. दिंडी अंगावर येते, पताका डोक्यावरून जातात, टाळकरी वाकतात, तेव्हा डोळा लावून जुळवत बसायला वेळ नसतोच. तिथं तुझं म्हणणं खरं, मी कधी नाकारलं नाही. पण संध्याकाळी वाड्याच्या ओसरीत, बल्बाखाली कीर्तन ऐकत बसलेल्या म्हाताऱ्या बायका! तिथं पॅच नीट नसेल तर कॅमेरा पिशवीत ठेवलेला बरा.

"दुरुस्तीला दे" असं तू म्हणशील. नाही देणार. मागं झोर्कीची ज्युपिटर ८ लेन्स दिली होती तेव्हा ती चकचकीत होऊन आली आणि आतली शिम गायब. लेन्सचा काचेचा गाळा आणि बाहेरची आट्यांची चुडी यांच्यामध्ये ती पातळ कडी असते. एक दशांश मिलिमीटरची कडी हरवली की ५० मिमीच्या लेन्सचा अनंत, म्हणजे सगळ्यात लांबचा फोकस, २५ मीटरच्या खुणेपाशी येतो आणि एफ २ ला फिल्मवर ०.०५ मिमीचा डाग उमटतो. कडी कमी पडली तर लेन्स अनंताच्या पुढं जाते, जास्त झाली तर अनंतापर्यंत पोचतच नाही. लेन्स पुसून देणारे पुष्कळ आहेत. कडी मोजून परत ठेवणारा पाहिजे.

म्हणून वरचं झाकण उघडायचं नाही, पुढून जेवढं होतं तेवढंच करायचं, असं मी ठरवलंय. झोर्कीत ते होतं. रेंजफाइंडरच्या, म्हणजे अंतर मोजणाऱ्या यंत्रणेच्या, छोट्या गोल खिडकीभोवतीची कडी फिरवून निघते. पक्कड लावायची नाही, रबरी बूच दाबून फिरवलं की सुटते. आत पाचरीसारखी काच आहे, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. ती केसभर फिरवली की पॅच वर-खाली होतो. पण फिरवताना तो थोडा आडवाही सरकतो, म्हणून आधी उभं जुळवायचं आणि आडवं शेवटी. आडव्यासाठी पुढच्याच बाजूला एक बारीक स्क्रू आहे. तो काढला की भोकातून आतला जुळणीचा स्क्रू दिसतो, त्याला घड्याळजीचा बारीक पेचकस लागतो. लेन्स अनंतावर, समोर निदान अर्धा किलोमीटर लांबची पाण्याची टाकी किंवा मोबाइलचा टॉवर. टाकी बरी, तिला उभ्या आणि आडव्या दोन्ही कडा असतात. मग परत उभं बघायचं, परत आडवं. दोन्ही एकदम कधीच बसत नाहीत. आणि जुळवायच्या आधी रिवाइंडच्या गुंडीखालची चष्म्याची दांडी आपल्या डोळ्याला लावून घ्यायची, नाहीतर धूसर कडांवर जुळवाजुळव होते.

इथपर्यंत मी एकटा करीन. पुढच्यासाठी तू पाहिजेस. अनंत जुळला म्हणजे १ मीटर जुळला असं नाही. झोर्कीच्या आत लेन्सच्या पाठीवर टेकणारं जे बोट आहे, त्याचा कोन बिघडला की लांबचं बरोबर आणि जवळचं चूक. ते बोट पकडीनं वाकवा म्हणणारे भेटतील, त्यांना कॅमेऱ्याला हात लावू द्यायचा नाही. आधी तपासायचं. मागचं झाकण अख्खं निघतं हे आपलं नशीब. फिल्म जिथं टेकते तिथंच घासलेल्या काचेची पट्टी टेकवायची, घासलेली बाजू लेन्सकडे. काच फ्रेमवाल्याकडून पातळ, ३५ मिमीहून किंचित अरुंद कापून घेतलीय. घासायला ट्रॅक्टरच्या स्पेअरच्या दुकानातली व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणली. दुसऱ्या काचेवर पेस्ट आणि पाणी टाकून गोल गोल घासलं की दुधासारखी पांढरी होते. मग बी वर, म्हणजे बटण दाबलेलं असेतोवर शटर उघडं राहतं तिथं ठेवून, एकानं बटण दाबून धरायचं, दुसऱ्यानं एफ २ ला काचेवर घड्याळजीचं भिंग लावून बघायचं. समोर १ मीटरवर वर्तमानपत्र, अंतर फिल्मपासून टेपनं मोजलेलं. काचेवर अक्षर सगळ्यात धारदार दिसेल तिथं लेन्स सोडायची, आणि मग पॅचमधून बघायचं. जुळलं तर जुळलं. नाही जुळलं तर चूक बॉडीची. आणि लेन्स अनंताच्या टोकाला असताना लांबची टाकी काचेवरच धूसर दिसली तर चूक लेन्सची, मग पॅचला बोल लावायचा नाही.

तुझ्या इनामदारांच्या लायका कॅमेऱ्यावर हीच ज्युपिटर लावून "बघा, रशियन लेन्स कशी हुकते" म्हणत होतास ना? लेन्स तिच्या जागी बरोबर होती. लायकाच्या ५० मिमीची खरी लांबी ५१.६ धरलेली, रशियनांनी कॉन्टॅक्स कॅमेऱ्याची ५२.४ धरली. एफ ८ ला लपतं, जवळ एफ २ ला उघडं पडतं. हे भांडण माझ्याकडून मिटलं.

३५ मिमीच्या लेन्सचं भांडण मात्र मिटलेलं नाही. ज्युपिटर १२ घे, घे म्हणतोस, पण झोर्कीच्या खिडकीत ५० शिवाय दुसरी चौकट नाही. वर वेगळा फाइंडर लावायचा, म्हणजे एका खिडकीत जुळवा आणि दुसरीत चौकट बघा. तोवर माणूस चहा पिऊन निघून जातो. फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचं नाव तूच सारखं घेतोस, त्यानं बहुतेक काम ५० वर केलं. जवळ जायला पाय आहेत. आणि मोंढ्यात जवळ गेलं तरी कुणी हाकलत नाही, उलट "आमचा बी काढा की" म्हणून पाच जण रांगेत उभे राहतात. तू असलास की सहावा तूच, तोंड पुढं करून!

पॅच फिकाही झालाय. आतल्या काचेवरचा पातळ मुलामा म्हातारा होतोय. त्याला स्पिरिट लावलं की तो कापसाबरोबर निघून येतो, म्हणून फक्त फुंकणीनं धूळ उडवायची. उपाय बाहेरूनच. मोठ्या खिडकीच्या बरोबर मधोमध काळ्या इन्सुलेशन टेपचा बारीक चौकोन चिकटवला की मधलं थेट चित्र अडतं आणि पॅच उठून दिसतो. चौकोन मोठा झाला तर जुळवायला दुसरं चित्रच उरत नाही, तेव्हा तीळभरच.

शटरच्या कापडी पडद्यालाही बघू. मागं आरसा नाही, त्यामुळं टोपण न लावता लेन्स सूर्याकडं राहिली की ऊन थेट कापडावर गोळा होतं आणि भोक पडतं. फाल्गुनातलं ऊन पुरेसं आहे. लेन्स काढून, मागचं झाकण काढून, अंधाऱ्या खोलीत बॅटरी मारायची. चांदणी दिसली तर समजायचं. अजून तरी प्रिंटवर एकाच जागी येणारे पांढरे ठिपके दिसलेले नाहीत. आणि शटरचा वेग बदलायचा तो गुंडी फिरवून शटर ताणल्यावरच, हे तुला परत सांगतो, कारण तुझा हात एसएलआरचा, आरशाच्या कॅमेऱ्याचा आहे.

धुलाई इथंच करू. मार्चमध्ये टाकीचं पाणी २० अंशांना येणार नाही, उगाच बर्फानं खाली ओढत बसण्यात अर्थ नाही. माठाच्या पाण्यात साधं मिसळून २४ ला सगळं धरू. एचपी ५ फिल्म, आयडी ११ डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० ला १३ मिनिटं लागतात, २४ ला ९. फिक्सर आणि धुवायचं पाणीही २४ च्या आसपास. शेवटची धुणी बोअरच्या पाण्यात नको, क्षाराचे डाग पडतात. गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणून ठेवतो.

तुझी बदली झाली का रे? खांदा कसाय? पोरीची दहावी, तिला परीक्षेच्या शुभेच्छा सांग आणि तोवर घरात कॅमेऱ्याचा विषय काढू नको.

येताना एचपी ५ चे रोल आण, इथं मिळत नाहीत. ते बसमध्ये खिडकीजवळ ठेवू नको. आणि तुझं ते दहापटीचं भिंग विसरू नको, माझ्या भिंगाच्या कडेला अक्षरं रंगीत दिसतात. षष्ठीच्या दोन दिवस आधी आलास तर काच लावून सगळं तपासून होईल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू

ता. क. कॅमेऱ्याची कातडी केस तुझ्याकडंच असेल तर ती आणू नको. बंद कातड्यात पावसाळाभर बुरशी धरते. सिलिकाचे पुडे टाकून डब्यातच ठेवतोय.