दादांच्या ॲम्बॅसिडरचा फ्यूज

शाहूपुरी, कोल्हापूर

प्रिय बाळ्या,

दादांच्या ॲम्बॅसिडरचा एक फ्यूज सारखा उडायचा, ते दुखणं सापडलं. तू फोनवर "सगळं वायरिंगच बदलून टाक" म्हणून मोकळा झालास. उद्यमनगरातल्या वायरमनचंही तेच म्हणणं, आणि तोवर गाडी चालावी म्हणून त्यानं फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिली. मर्दा, चांदीच्या आधी वायर जळायची! घरी आणल्या आणल्या ती काढून फेकली.

त्या एका फ्यूजवर मीटर, वायपर आणि ब्रेकलाइट तिन्ही आहेत. वाघबिळाच्या उतारावर तो उडाला की आपण ब्रेक मारलाय हे मागच्याला कळायचंच नाही. पेट्रोलचा काटा मात्र फ्यूज शाबूत असेपर्यंत बरोबर दाखवायचा. माझा संशय तिथंच पक्का झाला. टाकीकडची वायर बॉडीला टेकली तर काटा एका टोकाला जाऊन बसतो, पण फ्यूज उडत नाही, कारण मध्ये मीटर आडवं असतं. इथं फ्यूज उडतोय, म्हणजे मीटरला करंट आणणारी हिरवी वायरच कुठंतरी टेकतेय.

फ्यूजवर फ्यूज जाळण्यापेक्षा त्याच्या जागी ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब जोडला. शॉर्ट झाला तरी त्यातून पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जातो, आणि बल्ब लख्ख पेटून चुगली करतो. वायपरची, ब्रेकची वायर सोडवली, चावी फिरवली. मंद. डॅशबोर्डला खालून बुक्की हाणली. लख्ख!

मग बॅटरीची बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर काढून (हे तूही कधी विसरू नकोस) स्पीडोमीटर बाहेर ओढला. केबलच्या नटावर घासून घासून हिरव्या वायरचं तांबं उघडं पडलेलं, नखाएवढंच. आजूबाजूचं इन्सुलेशन वाळल्या शेंगेच्या टरफलासारखं, वाकवलं की तडकतंय. तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, स्लीव्ह चढवली आणि नटापासून लांब बांधली. नुसती टेप मारायची नाही, उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते. डॅशबोर्डमागचं तेवढं वायरिंग पावसाळ्यानंतर बदलू. मागच्या दिव्यांपर्यंतची वायर अजून मऊ आहे, तिला कशाला हात लावायचा?

फ्यूजचं एक ध्यानात ठेव. जुन्या लुकास कंपनीच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं ते उडण्याचं, सलग सोसतो त्याच्या निम्मंच. दुकानदार आत्ताच्या मापाचा, म्हणजे सलग ३५ सोसणारा देत होता, तो परत केला.

येताना पुण्यात तपकीर गल्लीत पॅनेलचे छोटे बल्ब मिळतात का बघ, स्पीडोमीटरचे दोन्ही गेलेत. गाडी दारात लावलीय, चावी काकूंकडे.

तुझा,
दिग्या