गाडीचा लाईट किती मीटर दाखवतो ते गाडी घ्यायच्या आधी कळू द्या

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

साहेब, तुम्ही आपल्याच महाराष्ट्रातले म्हणून मराठीतच लिहितेय. मी पुण्यात वारज्याला राहते, चाकणला एका कंपनीत क्वालिटीमध्ये काम करते, आणि सेकंड शिफ्ट असली की रात्री साडेअकराला निघून भोसरी, वाकड करत बायपासने घरी येते. म्हणजे माझं निम्मं ड्रायव्हिंग अंधारातच होतं. तरी नऊ वर्षांत माझ्या गाडीचा हेडलाइट नक्की किती लांबचं दाखवतो हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, लाईट लागतो ना, मग झालं, एवढंच.

प्रश्न पडला तो मागच्या जानेवारीत. मोरगावचा गणपती करून परत येत होतो, बाबा शेजारी, आई मागे, जेजुरी अजून यायची होती. स्पीड साठच्या आसपास, जास्त नाही. समोरून एक मोठी गाडी आली, पांढरे फटक लाईट, मी दोनदा डिप्पर दिला पण काही फरक नाही, बहुतेक तिचे लाईट डिप्परवरच (म्हणजे खाली झुकवलेल्या लो बीमवरच) होते आणि तरी सरळ डोळ्यात येत होते. ती गेली आणि दोन-तीन सेकंद मला समोर नुसतं काळं दिसत होतं. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदात ५० मीटर मी न बघता गाडी चालवली. आणि त्या काळ्यातून एकदम उसाची ट्रॉली पुढे आली, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, काही नाही. ब्रेक लागला, गाडी थांबली, तेव्हा ट्रॉलीबाहेर लोंबणारी उसाची टोकं आमच्या बॉनेटवर टेकलेली होती. अजून दीड-दोन मीटर आणि ती काचेतून आत आली असती. बाबा बराच वेळ गप्प होते, मग सासवड गेल्यावर एवढंच म्हणाले, "तुला ती आधी दिसलीच नाही का गं?"

नाही दिसली. ट्रॉलीवाल्याची चूक होतीच, समोरच्याचीही होती, पण बाबांचा प्रश्न माझ्या गाडीबद्दल होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मापं घेणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून मी हेपण मोजायचं ठरवलं.

आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीसमोर बरोबर १० मीटरवर गाडी उभी केली. डिप्परचा उजेड भिंतीवर पडला की वरच्या बाजूला एक स्पष्ट रेघ दिसते, वर अंधार आणि खाली उजेड, डावीकडे ती रेघ थोडी वर चढते म्हणजे रस्त्याच्या कडेचा माणूस दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये. ही रेघ साधारण १ टक्का खाली झुकलेली पाहिजे, म्हणजे १० मीटरवर लाईटच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली. लाईट जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर असेल तर असा उजेड ७० मीटरपर्यंत रस्त्यावर पोचतो. हाच झुकाव २ टक्के झाला की फक्त ३५ मीटर. आणि लाईट एकच अंश वर उचलला गेला तर ५० मीटरवर ती रेघ जमिनीपासून एक मीटरच्या वर जाते, म्हणजे समोरून येणाऱ्या छोट्या गाडीतल्या माणसाच्या डोळ्यांजवळ. एक अंश म्हणजे किती कमी ते वहीवर कोनमापकाने काढून बघा, दोन रेघांमधली फट जेमतेम दिसते.

माझ्या गाडीची रेघ १० मीटरवर २२ सेंटिमीटर खाली होती. कारण शोधायला अर्धा तास गेला, मग सापडलं की स्टिअरिंगच्या उजवीकडे जे ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असतं ते ३ वर होतं. गाडीच्या मागे वजन भरलं की पुढचं तोंड वर होतं, तेव्हा लाईट खाली आणायला ते चाक असतं, एकटा माणूस चालवत असेल तर ० वर ठेवायचं. ही गाडी आम्ही सेकंडहँड घेतली आहे, म्हणजे किती वर्षं ते ३ वर होतं देवाला माहीत. मध्ये चार-पाच सर्व्हिसिंग झाल्या, दर वर्षी पीयूसी झाली, कोणी बघितलं नाही आणि कोणी बघायला पाहिजे असं कुठल्या कागदावर लिहिलेलंही नाही.

मग तुलना केली. सासवडजवळ काकांच्या शेताकडे जाणारा सरळ डांबरी रस्ता आहे, रात्री कोणी नसतं. तीन गाड्या घेतल्या, माझी साधी हॅलोजनवाली, चुलतभावाची कंपनीतूनच एलईडी प्रोजेक्टर आलेली, आणि शेजाऱ्यांची, जिच्यात हॅलोजनचा बल्ब काढून बाहेरून घेतलेला एलईडी बल्ब टाकलाय. भाऊ काळं जॅकेट घालून डाव्या कडेला उभा राहिला, आम्ही डिप्परवर हळूहळू पुढे गेलो, तो दिसला की थांबायचं आणि टेपने मोजायचं. माझी गाडी चाक ३ वर असताना ३६ मीटर, ० वर करून पिवळी पडलेली काच पॉलिश केल्यावर ५४. चुलतभावाची ७३. आणि शेजाऱ्यांची, जी तिघांत सगळ्यात जास्त लख्ख वाटत होती, ती ४१. भाऊ तिथे उभा आहे हे आम्हाला माहीत होतं, रस्त्यावर खरंच अचानक कोणी असेल तर हे आकडे अजून कमी येतील.

मला सगळ्यात जास्त धक्का त्या ४१ चा बसला, कारण मी स्वतः तसले बल्ब घ्यायच्या विचारात होते. नंतर समजून घेतलं तेव्हा कारण कळलं. हॅलोजनच्या एच४ बल्बमध्ये दोन तारा असतात, डिप्परच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते, आणि मागचा आरसा त्या तारेची जागा धरूनच बनवलेला असतो. तिथे एलईडी बसवला की उजेडाची जागा, आकार सगळंच बदलतं, मग आरसा त्याला नीट वळवू शकत नाही, उजेड वर सांडतो, बाजूला सांडतो आणि गाडीच्या अगदी पुढ्यात ढीग होतो. पुढ्यातला रस्ता पांढराशुभ्र झाला की आपल्याला वाटतं काय भारी लाईट आहे, पण त्या उजेडाने डोळ्याची बाहुली बारीक होते आणि लांबचं उलट कमी दिसतं. आणि नुसती पॉवर वाढवूनही भागत नाही, दुप्पट लांबवर तेवढाच उजेड पाडायचा तर चौपट लाईट लागतो. शेजारीकाका वाईट माणूस नाहीत, त्यांना रात्री कमी दिसतं म्हणून त्यांनी पैसे घालवून तो बल्ब टाकला, आता त्यांनाही फारसं दिसत नाही आणि समोरच्यालाही नाही. भाऊ समोरच्या बाजूला जाऊन उभा राहिला तेव्हा म्हणाला, मला गाडीच दिसत नाहीये, नुसता गोळा दिसतोय. जानेवारीत माझ्यासमोर असाच गोळा आला असणार.

आता हे मीटर थांबायच्या अंतराशेजारी ठेवून बघा. साठच्या स्पीडला दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर जातात, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण २०, एकूण ४५. माझी गाडी दाखवत होती ३६. ऐंशीला हेच साधारण ६८ मीटर होतं. म्हणजे बायपासवर, जिथे कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत उतार आहे आणि सगळे ऐंशीच्या वरच असतात, तिथे साध्या हॅलोजनवर डिप्पर लावून चालणारा प्रत्येक माणूस पुढचा रस्ता मोकळा आहे असं गृहीत धरून चालवतोय. पावसात तर विचारूच नका, ओल्या डांबरावर पडलेला उजेड परत आपल्याकडे येत नाही, पुढे निसटून समोरच्याच्या डोळ्यात जातो, पांढरे पट्टे गायब होतात. ताम्हिणीत जुलैमध्ये रात्री गाडी चालवलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही.

म्हणून साहेब, पहिली मागणी. तुमच्याच खात्याने २०२३ मध्ये भारत एनकॅप, म्हणजे गाडीची टक्कर-चाचणी घेऊन सुरक्षेचे स्टार द्यायची योजना, सुरू केलं, त्याचा खूप फायदा झाला, आता शोरूममध्ये माणसं पहिला प्रश्न विचारतात, किती स्टार? मोठ्यांचे मार्क, लहान मुलांचे मार्क, सगळं कळतं. पण हेडलाइटला त्यात मार्क नाहीत. हेडलाइट मंजुरीच्या टेस्टमधून जातो हे मला माहीत आहे, पण ती पास-नापासची टेस्ट आहे, पास झालेल्या दोन गाड्यांत कोणती लांबचं दाखवते ते गिऱ्हाईकाला कुठेच कळत नाही. ब्रोशरमध्ये लिहितात एलईडी, प्रोजेक्टर, पण किती मीटर ते नाही. एकाच मॉडेलच्या बेसमध्ये हॅलोजन आणि टॉपमध्ये एलईडी असतो, आणि तो फरक माणसाला अलॉय व्हीलसारखाच दिखाव्याचा वाटतो.

अमेरिकेत आयआयएचएस म्हणून विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी संस्था आहे, त्यांनी २०१६ पासून हेच सुरू केलं. रात्री ट्रॅकवर गाडी चालवायची, सरळ रस्त्यावर आणि वळणांवर ५ लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड किती लांब पोचतो ते मोजायचं, समोरच्याच्या डोळ्यात जास्त गेला तर मार्क कापायचे. पहिल्यांदा ३१ गाड्या तपासल्या तर 'चांगला' शेरा फक्त एका गाडीला मिळाला, आणि त्यात महागड्या गाड्यापण होत्या. मार्क जाहीर व्हायला लागल्यावर कंपन्यांनी लाईट सुधारले. २०२१ मध्ये त्यांनीच अपघातांचा हिशोब मांडला, 'चांगला' लाईट असलेल्या गाड्यांचे रात्रीचे एकट्या गाडीचे अपघात 'वाईट' लाईटवाल्यांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी, पायी चालणाऱ्यांना धडक बसायचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे तर रस्त्याच्या कडेने चालणारी माणसं कितीतरी जास्त. कार्तिकीला आळंदीकडे येणाऱ्या दिंड्या पहाटे अंधारातच चालायला लागतात, त्यांच्या मागून येणाऱ्या गाडीला शेवटचा वारकरी ३६ मीटरवर दिसतो का ७३ वर, यावर सगळं आहे. आणि हे मोजायला लागणारी माणसं बाहेरून आणायची गरज नाही, गाड्यांची तपासणी करणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था इथेच पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे.

दुसरी मागणी जुन्या गाड्यांची, कारण नव्या गाड्यांना मार्क देऊन रस्त्यावर आधीच असलेल्या गाड्या सुधारणार नाहीत. ट्रक-बसला, टॅक्सीला फिटनेससाठी जावं लागतं. खासगी गाडीला मात्र रजिस्ट्रेशननंतर १५ वर्षं कोणी हात लावत नाही. १५ वर्षांत बंपर बदलतो, स्प्रिंग बसतात, काच पिवळी पडते, बल्ब बदलला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ वा नियम आहे, गाडीपुढे ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला लाईट दिपवता कामा नये. नियम अगदी नेमका आहे, पण तो तपासायची जागाच खासगी गाडीच्या वाट्याला येत नाही. गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला ५,००० रुपये दंड आहे, पण चौकात उभ्या पोलिसाने नुसत्या डोळ्यांनी एक अंश कसा ओळखायचा?

जागा आहे साहेब, पीयूसी सेंटर. दर वर्षी आम्ही तिथे जातोच, इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं उभे राहतो. तिथेच बीम टेस्टर ठेवा, लेन्सचा डबा असतो, लाईटसमोर ढकलायचा, दोन मिनिटांत वर-खाली कळतं. स्क्रू फिरवून तिथेच सुधारून द्यायचे पन्नास-शंभर रुपये घेतले तरी लोक देतील. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षीच्या एमओटी तपासणीत हेडलाइट बघतातच. जर्मनीत १९५६ पासून दर ऑक्टोबरमध्ये लाईट तपासायची मोहीम असते, गॅरेजवाले फुकट तपासून काचेवर स्टिकर लावतात. आपल्याकडेही ऑक्टोबर हाच महिना बरोबर आहे, दिवाळीचा प्रवास तोंडावर असतो आणि त्याच सुमाराला गाळप हंगाम सुरू होऊन उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. ट्रॉल्यांच्या रिफ्लेक्टरबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल, पण तीच मोहीम कारखान्याच्या गेटवर नेली तर एकाच महिन्यात दोन्ही होईल.

बाबा आता सदुसष्ट वर्षांचे आहेत. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, आणि दिपल्यावर सावरायलाही वेळ जास्त लागतो. त्यांनी रात्रीची गाडी चालवणं सोडून दिलंय. गावाला कोणी आजारी पडलं तरी सकाळ व्हायची वाट बघतात.

आमच्या पार्किंगच्या भिंतीवर मी ऑइलपेंटने १० मीटरच्या खुणा करून ठेवल्यात. रविवारी रात्री नऊ ते दहा सोसायटीतल्या गाड्या एकेक करून समोर लावतो, आत्तापर्यंत एकोणीस झाल्या, त्यातल्या अकरांचे लाईट सरळ करावे लागले, बहुतेकांचं ते छोटं चाकच चुकीच्या आकड्यावर होतं. शेजारीकाकांनी जुना हॅलोजन परत बसवला. ही सगळी मापं मी वहीत तारखेनिशी लिहून ठेवलीत, तुमच्या खात्यातलं कोणी बघायला तयार असेल तर एआरएआयमध्ये आणून दाखवते, माझी मोजण्याची पद्धत चुकली असेल तर तेही सांगावं.

कळावे,
वारजे, पुणे येथील एक वाहनचालक