दस्त्याला पॉलिश करायच्या आधी

पुणे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. कसब्यातला वाडा रिकामा करताना माळ्यावर ती बंदूक सापडली हे वाचून फार आनंद झाला. पण ‘दस्ता (बंदुकीचा लाकडी भाग) सुताराकडून घासून त्यावर मेलॅमाइन, म्हणजे फर्निचरचं चकचकीत पॉलिश, मारून घेतो, म्हणजे चार पैसे जास्त येतील’ असं तू लिहिलंयस, म्हणून लगोलग उत्तर लिहितोय. सुताराला आजच नको म्हणून कळव. अशा बंदुकीची किंमत नव्या पॉलिशने उतरते, आणि एकदा उतरली की ती परत येत नाही.

सगळ्यात आधी बंदूक भरलेली नाही ना, ते बघ. जुन्या वाड्यांतल्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायच्या, बंदुका भरलेल्या अवस्थेतच विसरल्या गेलेल्या असू शकतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर इतक्या वर्षांनीही पेट घेते. घोड्याला, म्हणजे वरच्या आपटणाऱ्या हातोडीला, हात लावू नकोस, नळीच्या तोंडासमोर उभा राहू नकोस. ठासणीचा गज बाजूने हळूच आत सोड, तोंडाशी जिथे येईल तिथे चिकटपट्टीची खूण कर. मग तोच गज बाहेरून नळीला समांतर धर. खूण नळीच्या तोंडाशी जुळवल्यावर त्याचं दुसरं टोक नळीच्या मागच्या टोकाशी, ठिणगी देणारी टोपी बसवायच्या निपलजवळ, यायला हवं. दोन-तीन बोटं अलीकडे राहिलं, तर आत काहीतरी आहे. मग पुढचं काही न करता परवानाधारक बंदूक-कारागिराला बोलाव.

फोटोत घोड्याखालच्या पाटीवर मुकुट आणि ‘टॉवर’ ही अक्षरं दिसतात, नळी तीन कड्यांनी दस्त्याला बांधलेली आहे. म्हणजे ही ब्रिटिश फौजेच्या 1853च्या एनफिल्ड रायफलीच्या घराण्यातली दिसते. मूळ रायफलीची नळी 39 इंच, भोक .577 इंच आणि आत पीळ घेतलेल्या तीन खाचा. तुझ्या नळीत खाचा नसतील तर ती झिजलीय असं लगेच समजू नकोस. 1857च्या उठावानंतर हिंदी शिपायांसाठी मुद्दाम गुळगुळीत नळीच्या, .656 इंच भोकाच्या बंदुका काढल्या होत्या. तुझी त्यातली असेल तर ती रायफलच नव्हे (रायफल म्हणजे नळीत पिळाच्या खाचा असलेली बंदूक), आणि तिचे जाणकारही वेगळे.

आता दस्त्याकडे वळू. तो आक्रोडाचा असणार आणि त्यावर जवसाच्या तेलाचा हात असणार. संग्राहक हातात घेतल्यावर पहिल्यांदा बघतो ते लाकूड आणि धातू जिथे मिळतात ती रेघ. कारखान्यात लाकूड धातूपेक्षा केसभर वर ठेवलेलं असतं. पाठीमागची पितळी पाटी, घोड्याची पाटी, चापाचं कडं, सगळीकडे बोट फिरवलंस तर लाकडाची कड नखाला लागते. पॉलिश पेपर फिरला की लाकूड खाली जातं आणि धातू वर येतो. मग कितीही चकाकी आणलीस तरी जाणकाराचं बोट अर्ध्या मिनिटात ते ओळखतं. घोड्याच्या पाटीभोवतीच्या सपाट पट्टीच्या कडा धारदार असतात, त्याही गोलावतात.

दुसरं म्हणजे शिक्के. दस्त्याच्या उजव्या बाजूला गोल छाप, डाव्या बाजूला किंवा गजाच्या खाचेत तपासनिसांची बारीक अक्षरं, कुठे पलटणीचा क्रमांक. हीच त्या लाकडाची कागदपत्रं. लाकूड दाबून उठवलेली असल्यामुळे ती फार उथळ असतात, 120 नंबरच्या कागदाचे चार हात त्यांना पुरतात. आणखी एक सापळा वाफेचा आहे. दबलेला खड्डा वर आणायला ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवतात. युक्ती खरी आहे, कारण दबलेले तंतू पाण्याने फुगतात. पण शिक्काही दबलेले तंतूच आहे, तोही फुगून वर येतो आणि पुसला जातो. म्हणून छापाच्या आसपास वाफ अजिबात नको. खरं सांगायचं तर या बंदुकीवर कुठेच नको.

मेलॅमाइनचा तोटा असा की ते लाकडावर काचेसारखा थर धरतं आणि काढायला पुन्हा खरवडावंच लागतं.

तुला करता येण्यासारखं मात्र बरंच आहे. मऊ ब्रशने कोरडी धूळ काढ. पाठीच्या पाटीजवळ, सहज दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन लाव. बोळा तपकिरी होऊन पृष्ठभाग चिकटला, तर वर कुणीतरी नंतर लाखेचं पॉलिश केलंय. जवसाच्या तेलाचा जुना थर स्पिरिटने असा विरघळत नाही. काळा मेणचट मळ असेल तर टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या सुती फडक्याने हलक्या हाताने, हातभर लांबीचा भाग घेत पुस. फडकं काळं व्हायचं थांबलं की थांब. मळाखालचा गडद रंग हा मळ नव्हे, तो काढायचा नाही. मग पारदर्शक मेणाचा एक अगदी पातळ हात. तेल फक्त जिथे लाकूड उघडं आणि कोरडं पडलंय तिथेच: कच्च्या जवसाच्या तेलाचे चार-पाच थेंब तळहाताने चोळ, वीस मिनिटांनी उरलेलं पुसून टाक. पावसाळ्यात हे करू नकोस, तेल आठवडाभर चिकट राहतं. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, ती आपोआप तापून पेटतात. पाण्यात बुडव किंवा उघड्यावर पसरून वाळव.

पितळेला पॉलिशची पेस्ट लावू नकोस. पांढरी भुकटी खाचांत आणि लाकडाच्या कडेला बसते आणि निघत नाही.

घोड्यामागे, मुठीजवळ लाकूड काळं आणि मऊ लागलं, तर वर्षानुवर्षं उभ्या ठेवलेल्या नळीतलं तेल तिथे झिरपलंय. यापुढे आडवी ठेव. तडा असेल तर फेविकॉल किंवा इपॉक्सी न भरता तो तसाच राहू दे. तिथे सरसाने (जनावरांच्या कातड्या-हाडांच्या गोंदाने) जोड देणारा माणूस हवा, कारण सरसाचा जोड पुढे कुणाला सोडवता येतो.

दस्ता नव्याने करायला माझी हरकत नाही असे प्रसंगही आहेत: आधीच कुणी घासून ऑइल पेंट मारलाय, किंवा वाळवीने निम्मं लाकूड खाल्लंय. तुझ्या फोटोत तसं काही दिसत नाही.

किमतीचं एक स्पष्ट सांगतो. परदेशी लिलावांचे आकडे तुझ्या उपयोगाचे नाहीत. शंभर वर्षांवरची वस्तू 1972च्या पुरावस्तू कायद्यामुळे खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि 1959च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्यारालाच आहे. ही चालू शकेल अशी असली तर परवान्याचा प्रश्न येतो. विकायच्या किंवा कुठे न्यायच्या आधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचार. सबंध बंदूक सुताराच्या दुकानात ठेवायची नाही, त्याचं हेही एक कारण.

पुढच्या वेळी येशील तेव्हा बाजीराव रोडजवळच्या केळकर संग्रहालयात जाऊ. तिथली हत्यारं जवळून पाहिलीस की वापराने आलेला रंग काय असतो ते कळेल. तोवर मला तीन फोटो पाठव, दिवसाच्या तिरप्या उजेडात: दस्त्याची उजवी बाजू, घोड्याच्या पाटीची कड, आणि गजाची खाच. स्क्रू मात्र खोलू नकोस, साधा स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खाचा फाडतो.

तुझा,
नंदू